एशियाडच्या भारतीय संघात नाव लागतं कसं, आणि अडतं कुठे

नाशिकच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी वीस वर्षांची आहे, 5000 मीटर धावते, बेस्ट टायमिंग 16 मिनिटं 40 सेकंद, राज्य स्पर्धेत दुसरी आली. एशियाडच्या संघात जायचं तर अर्ज कुठे करायचा? 2026 ला जमेल का? घरच्यांनी आतापासून काय सांभाळायचं? आणि तिचा मामेभाऊ रोइंग करतो, त्याचं गणित वेगळं असतं का?

अर्ज कुठेच करायचा नसतो. खेळाडूने धावायचं, नाव फेडरेशनने (त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने) पाठवायचं. पण ते नाव तीन टेबलांवरून जातं, आणि प्रत्येक टेबलावर पडण्याची कारणं वेगळी असतात. ट्रॅकवर कमी पडलेल्या मुलींबद्दल हळहळ वाटते, पण कागद, आजारपण आणि औषधाच्या चिठ्ठीमुळे पडलेल्या मुलींबद्दल जास्त वाटायला हवी, कारण ते टाळता येतं.

आधी 2026 चा विषय संपवू. आइची-नागोयाचं एशियाड 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026 असं आहे. मागच्या हांगझोऊ एशियाडमध्ये (कोविडमुळे 2022 चं 2023 मध्ये झालं) पारुल चौधरीने 5000 मीटरचं सुवर्ण 15:14.75 मध्ये घेतलं. साडेबारा फेऱ्या, फेरीला सरासरी 73 सेकंद. तुमच्या मुलीची फेरी 80 सेकंदांची आहे. पारुल रेषा ओलांडत असताना तिला अजून सव्वाचारशे मीटर, म्हणजे एका फेरीहून जास्त अंतर बाकी असेल. हे अंतर एका सीझनमध्ये भरून निघत नाही. निघतं असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो सोबत काय विकतोय ते बघा. पुढचं एशियाड 2030 ला दोहामध्ये आहे. तेव्हा ती पंचविशीच्या आसपास असेल, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूचा खरा काळ तिथूनच सुरू होतो. आपल्याच सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये ग्वांगझूला 10,000 मीटरचं रौप्य आणि 5000 चं कांस्य घेऊन आली तेव्हा 25 वर्षांची होती. म्हणून पुढचं सगळं 2030 डोक्यात ठेवून वाचा.

पहिलं टेबल ॲथलेटिक्स फेडरेशनचं. मुलगी जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेकडे आणि तिथून फेडरेशनकडे नोंदलेली हवी, युनिक आयडी मिळालेला हवा. नोंदणी नसेल तर कितीही भारी टायमिंग रेकॉर्डवर येत नाही. हौशी रोड रेसमधलं किंवा हातातल्या स्टॉपवॉचवरचं टायमिंगही धरलं जात नाही. मान्यताप्राप्त स्पर्धा, इलेक्ट्रॉनिक टायमिंग आणि अधिकृत निकालपत्रक, तिन्ही लागतं. एशियाडच्या वर्षी फेडरेशन प्रत्येक इव्हेंटसाठी पात्रता वेळ जाहीर करतं, आणि शेवटची निवड चाचणी बहुतेक वेळा आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा असते. 2018 ला ती जूनअखेरीस गुवाहाटीला झाली, 2023 ला जूनच्या मध्यात भुवनेश्वरला.

इथे पालकांचा हमखास गैरसमज होतो. पात्रता वेळ नोंदवली म्हणजे निवड झाली असं नव्हे. एशियाडला ॲथलेटिक्सच्या एका वैयक्तिक इव्हेंटमध्ये देशाचे जास्तीत जास्त दोघेच उतरतात. पात्रता वेळ चौघींची असेल तर दोघी घरी राहणार, आणि कोण राहणार ते निवड चाचणीतला क्रमांक, त्या वर्षातली कामगिरी आणि निवड समिती ठरवते. त्यामुळे फेडरेशनचं निवड धोरण जाहीर झालं की ते छापून घ्या आणि कोच सरांसोबत बसून ओळन् ओळ वाचा. नॅशनल कॅम्पला हजेरी सक्तीची आहे का, बाहेर सराव करायचा तर लेखी परवानगी कोणाची, दुखापतीमुळे चाचणी चुकली तर किती दिवसांत कळवायचं, हे सगळं त्यातच असतं. भांडणं नेमकी याच कलमांवरून कोर्टात जातात.

दुसरं टेबल क्रीडा मंत्रालयाचं. 2023 ला मंत्रालयाचा निकष असा होता: वेळ किंवा अंतर मोजता येणाऱ्या खेळात गेल्या 12 महिन्यांतली कामगिरी आधीच्या एशियाडमधल्या सहाव्या क्रमांकाइतकी तरी हवी, आणि सांघिक खेळात संघ आशियात पहिल्या आठात हवा. फुटबॉलचा संघ त्यात बसत नव्हता म्हणून अडला होता, शेवटी खास सवलत देऊन पाठवावा लागला. तुम्ही सवलतीच्या भरवशावर राहू नका. आधीच्या एशियाडचा सहावा क्रमांक हाच तुमचा आकडा धरा. नागोयाचा 5000 मीटरचा निकाल लागला की सहावीचं टायमिंग एका कागदावर लिहून भिंतीला लावा. 2030 चं किमान लक्ष्य ते.

तिसरं टेबल भारतीय ऑलिंपिक संघटनेचं, जी आशियाई ऑलिंपिक परिषदेकडे एंट्री पाठवते. नावानिशी एंट्रीची मुदत स्पर्धेच्या साधारण दोन महिने आधी संपते. त्यानंतर सुसाट धावून उपयोग नाही. ॲक्रेडिटेशनचे (स्पर्धेच्या ओळखपत्राचे) फॉर्म, फोटो, पासपोर्टची प्रत त्याच्याही आधी मागतात. पासपोर्टची मुदत स्पर्धा संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. आपल्याकडे घोळ होतो तो नावात. दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, एकावर वडिलांचं नाव पूर्ण तर दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, आणि स्पेलिंग तिन्हीकडे तीन तऱ्हांचं. फेडरेशनच्या आयडीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर एंट्रीच्या वेळी धावपळ ठरलेली. दहावीचं सर्टिफिकेट प्रमाण धरा, बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या आणि मगच पासपोर्टला अर्ज करा. हे काम या वर्षीच उरका.

आता मुख्य भाग, कारण तयारी खरी बिघडते ती इथे. निवड चाचणी जूनमध्ये आणि स्पर्धा सप्टेंबरमध्ये, म्हणजे एकाच वर्षात दोनदा फॉर्मच्या टोकावर यायचं. मधलं अंतर दरवेळी बदलतं. 2018 ला जेमतेम आठ आठवडे होते, 2023 ला चौदा. टोक गाठण्यासाठी टेपर घ्यावा लागतो: 10 ते 14 दिवस धावण्याचं एकूण अंतर 40 ते 60 टक्के कमी करायचं, पण वेग कमी करायचा नाही. स्पर्धेनंतर आठवडाभर हलकं. म्हणजे एका टोकाची किंमत तीन आठवडे. आता हिशोब करा. मार्च-एप्रिलच्या मीटला टेपर, फेडरेशन कपला टेपर, आंतरराज्यला टेपर, मध्ये बक्षिसाच्या रकमेसाठी एखादी 10 किलोमीटरची रोड रेस. नऊ-दहा आठवडे असेच जातात आणि सप्टेंबरसाठी लागणारा एरोबिक पाया, म्हणजे दमाचा पाया, खचतो. मुलगी जूनमध्ये वर्षातलं बेस्ट धावते आणि एशियाडला वीस सेकंद मागे येते. लोक म्हणतात दडपण आलं. दडपण नसतं, पाया संपलेला असतो.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या स्पर्धा टेपर न घेता, सरावातूनच धावायच्या. पात्रता वेळ हिवाळ्यात किंवा फेडरेशन कपला मिळाली तर जूनची चाचणी फक्त क्रमांकासाठी धावता येते. तिथेही पूर्ण टेपर नाही, सहा-सात दिवसांचा छोटा. चाचणीनंतर पाच ते सात दिवस सैल, मग चार-पाच आठवडे पुन्हा पाया: लांब पल्ला, थ्रेशोल्ड (बराच वेळ टिकवता येईल असा जलद वेग), चढ. त्र्यंबक रोड, गंगापूर रोडच्या बाजूचे चढ त्याला उत्तम, फक्त पावसाळ्यात पहाटेची वाहनं आणि घसरडी कड सांभाळा. त्यानंतर तीन-चार आठवडे रेसच्या वेगाचं काम आणि शेवटी खरा टेपर. मधे आठच आठवडे असतील तर पायाचे दोन आठवडे कापा, टेपर कापू नका.

रेसच्या वेगाचं काम करतानाही चॅम्पियनशिपची रेस कशी असते ते लक्षात घ्या. तिथे पेसर, म्हणजे वेग ठरवून देत पुढे धावणारी, नसते. पहिले 3000 मीटर संथ, मग वेग वाढतो आणि निकाल शेवटच्या फेरीत लागतो. ग्वांगझूच्या 10,000 मीटरमध्ये प्रीजा श्रीधरन 31:50.47, कविता राऊत 31:51.44. पंचवीस फेऱ्यांनंतर सुवर्ण आणि रौप्यात एक सेकंदही नाही. हांगझोऊत पारुलने जपानच्या धावपटूला शेवटच्या काही मीटरांत गाठलं. त्यामुळे 1000 मीटरचे एकसारख्या वेगाचे तुकडे पुरेसे नाहीत. आठवड्यात एकदा 3 × 1600 रेसच्या वेगाने, मधे तीन मिनिटं जॉग, आणि तिसऱ्यानंतर फक्त एका मिनिटाने 400 मीटर जीव तोडून. थकलेल्या पायांवर ही शेवटची फेरी ताज्या 400 पेक्षा आठ सेकंदांहून जास्त मागे पडत असेल तर थकल्यावरची ताकद कमी पडतेय. मग जिम आणि चढाच्या स्प्रिंट वाढवा.

उष्णतेचंही बघावं लागेल. नाशिकचा ऑगस्ट-सप्टेंबर पावसाळी आणि गार, तर एशियाड बहुतेक वेळा दमट उकाड्यात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. लवकर जाऊन तिथे राहणं प्रत्येक वेळी जमत नाही. अशा वेळी सरावानंतर लगेच 40 अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत 30 ते 40 मिनिटं बसणं, सलग सहा दिवस, याचा चांगला परिणाम दिसतो. शेजारी कोणी तरी हवंच, चक्कर येऊ शकते. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. दोन टक्क्यांहून जास्त घट होत असेल तर पाणी आणि मीठ कमी पडतंय.

मुलींच्या बाबतीत आणखी एक तपासणी दर तीन महिन्यांनी करा: फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन 12 दिसतं म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि फेरिटिन 15 वर आलेलं असतं. लांब पल्ल्याच्या धावपटूचं ते 30 च्या खाली गेलं की टायमिंग हळूहळू घसरतं आणि कोणालाच कारण कळत नाही. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबू पाण्यासोबत, आणि चहा तिच्या आधी-नंतर तासभर नको. पाळी तीन महिने चुकली तर ‘धावणाऱ्या मुलींचं होतं तसं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय, आणि पुढची पायरी स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा.

लोहावरून डोपिंगकडे येतो. यातला धोका बहुतेक घरांना ठाऊकच नसतो. सगळ्यांना वाटतं डोपिंग म्हणजे चोरून घेतलेलं इंजेक्शन. प्रत्यक्षात आपल्या भागात सगळ्यात सोपा सापळा आहे सलाईन. ताप आला, अशक्तपणा वाटला, गल्लीतल्या दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी 500 मिलीची बाटली लावली, त्यात ते पिवळं व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं, तासाभरात मुलगी टवटवीत. हा डोपिंगचा गुन्हा आहे. 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून देणं जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंद आहे, आत नुसतं मिठाचं पाणी असलं तरी. कारण त्याने रक्त आणि लघवी पातळ होऊन बाकीचं लपवता येतं. सूट आहे ती रीतसर हॉस्पिटलमधले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानासाठीची तपासणी यांच्या ओघात दिलेल्या सलाईनला. खरंच गरज असेल तर हॉस्पिटलमध्येच घ्या, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, किती मिली आणि किती वाजता हे लिहून घ्या. लोहाची ड्रिपही 100 मिलीपेक्षा जास्त असेल तर याच नियमात येते.

दुसरा सापळा खोकल्याचं औषध. आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते स्पर्धेत नसतानाही बंद आहे. थोडंसंच घेतलं म्हणून सुटका नाही, नमुन्यात सापडलं की प्रकरण सुरू. टाचेच्या दुखण्यावर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते स्पर्धाकाळात बंद, आणि शरीरातून जायला वेळ लागतो: सांध्यात किंवा सांध्याभोवती दिलेलं असेल तर साधारण 3 दिवस, ट्रायॲम्सिनोलोन असेल तर 10, आणि तेच स्नायूत टोचलं तर 60 दिवस. तिसरी गोष्ट घरातली. पोट बिघडलं की मोठी माणसं अग्नितुंडी वटी देतात. तिच्यात कुचला असतो, कुचल्यात स्ट्रिक्निन, आणि ते स्पर्धेच्या काळात बंद. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य डोपिंगच्या सुनावणीत चालत नाही. नमुन्यात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, मग ते आत कसंही गेलेलं असो. नाडाचं (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं) औषध तपासण्याचं ॲप आहे, ते घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. जिमवाल्याकडची पावडर मात्र तपासत बसू नका, सरळ बंद करा. डब्यावर न लिहिलेलं आत असतं, आणि ते कुठल्याच ॲपला दिसत नाही.

नमुना देण्याची वेळ आली तर घाबरून ग्राउंड सोडून जायचं नाही. 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचं पथक आलंय कळल्यावर 100 मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उतरला होता. चाचणी टाळणं हाच मोठा गुन्हा, चार वर्षांपर्यंत बंदी. नमुना किमान 90 मिली लागतो. किट आपण निवडायचं, बाटल्यांवरचा नंबर फॉर्मशी जुळवायचा, आणि गेल्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध फॉर्मवर लिहायचं. लवकर सुटका व्हावी म्हणून दोन लिटर पाणी ढोसलं तर नमुना पातळ ठरतो आणि पुन्हा बसावं लागतं. पुढे ती नाडाच्या नोंदणीकृत यादीत आली तर रोज कुठे असणार हे तिमाहीला आधी भरून द्यावं लागेल, दिवसातली 60 मिनिटं नक्की ठरवून. 12 महिन्यांत तीनदा चुकलं की डोपिंग न करताही बंदी. गावाला लग्नाला जायचं ठरलं तर बॅग भरण्याआधी ॲपमधला पत्ता बदलायचा.

बुटांचा नियमही विसरू नका. 1 नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवरच्या सगळ्या इव्हेंटना बुटाच्या तळाची जाडी 20 मिलिमीटरच्या आत हवी. रोड रेसला 40 चालते. मॅरेथॉनचे जाड तळाचे बूट घालून 5000 धावली तर कॉल रूममध्येच (रेसआधी हजेरी आणि तपासणी होते तिथे) अडवतील, किंवा धावून झाल्यावर टायमिंग जाईल.

प्रवासाचं थोडक्यात, नागोयाला जाणाऱ्यांसाठी. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे घड्याळ जुळायला तीन-चार दिवस. तिथे सर्दीच्या औषधातल्या स्यूडोएफेड्रिनवर आणि कोडीनवर कडक नियम आहेत. स्वतःची औषधं महिनाभराची, चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. नागोयात एकच मोठं खेळाडूग्राम नाही, क्रूझ जहाज, कंटेनर-खोल्या आणि हॉटेलं अशी विभागणी आहे. त्यामुळे जेवणाची वेळ आणि बसचं अंतर आधी कळून घेणं संघातल्या प्रत्येकाला करावं लागेल.

आता मामेभावाचं. रोइंगचं गणित बरंच वेगळं. एका इव्हेंटमध्ये देशाची एकच बोट जाते, त्यामुळे एकेरीत दुसरा क्रमांक म्हणजे शून्य. पण चौघांच्या बोटीत चौथी जागा असते, आणि बहुतेकांसाठी वाट तिथूनच जाते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. रिओ ऑलिंपिकला एकेरीत तेरावा. 2018 च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये आजारी असताना एकेरीच्या अंतिम फेरीत सहावा, म्हणजे शेवटचा. आणि दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रुपल स्कल्समध्ये, म्हणजे चौघांच्या बोटीत, सुवर्ण. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हं पहिल्यांदा हातात घेतलं होतं, म्हणून वय उलटून गेलं ही सबब या खेळात लवकर लागू होत नाही.

चौघांच्या बोटीत कोण बसणार हे सीट रेसिंगने ठरतं: दोन बोटी, एकेका माणसाची अदलाबदल, पुन्हा तेच अंतर, आणि कोणामुळे किती सेकंद बदलले ते बघायचं. ताकदवान पण ताल न धरणारा मुलगा इथे मागे पडतो. शिवाय ऑलिंपिकमधून लाइटवेट (कमी वजनाच्या खेळाडूंचा) गट पॅरिस 2024 नंतर गेला आहे. त्याचं वजन 72 किलोच्या आसपास आणि उंची बेताची असेल, तर पुढच्या एशियाडला त्याचा गट ठेवतात की नाही हे दरवर्षी बघत राहावं लागेल. गोदावरीच्या पात्रात तंत्र शिकता येतं, पण 2000 मीटरची सरळ रेषा तिथे मिळत नाही. त्यामुळे राज्य संघाच्या कोचला पहिला प्रश्न अर्गोमीटरवरच्या (जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावरच्या) 2000 मीटरच्या टायमिंगबद्दल विचारा: निवडीला किती लागतं आणि याचं किती आहे. त्या दोन आकड्यांतला फरक 20 सेकंदांहून जास्त असेल, तर पुढचं वर्ष बोटीपेक्षा अर्गोवर आणि जिममध्ये जास्त गेलं पाहिजे.